डिझेलचा हिशेब आणि चोरीचा बंदोबस्त: नव्या ट्रकमालकासाठी

पहिला ट्रक घेतल्यावर मालकाचे सारे लक्ष बँकेच्या हप्त्यावर, विम्यावर आणि भाडे कोठून मिळेल यावर असते. डिझेल हा टाळता न येणारा खर्च असल्यामुळे त्याकडे कोणी फारसे बारकाईने पाहत नाही. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत मात्र चालू खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, बहुधा निम्म्याच्या आसपास, डिझेलचाच असतो, आणि चालक, क्लीनर, पंपावरचा कर्मचारी किंवा यार्डातला मिस्त्री यांच्यापैकी कोणी हात मारला तर तो याच वाट्यात मुरून जातो. ज्याच्याकडे एकापासून आठ-दहापर्यंत गाड्या आहेत आणि स्वतंत्र हिशेबनीस ठेवणे परवडत नाही, अशा मालकाने कोणत्या क्रमाने काय करावे, ते पुढे दिले आहे. हा क्रम बदलू नये. बहुतेक जण टाकीतल्या डिझेलची पातळी मोजणारा सेन्सर बसवण्यापासून सुरुवात करतात, आणि सेन्सर दाखवतो त्या आकड्याचे काय करायचे हेच त्यांना ठाऊक नसते.

चोरी हिशेबात कशी लपते

बारा टायरची गाडी कोल्हापूरहून माल भरून भिवंडीला जाते आणि परतीचे भाडे न मिळाल्यामुळे रिकामी येते, असे समजा. एका बाजूचे अंतर ढोबळमानाने ४०० किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर आणि रिकामी ५.५ किलोमीटर देत असेल, तर जाताना १०० आणि येताना सुमारे ७३, असे एकूण १७३ लिटर डिझेल लागते, म्हणजे पूर्ण फेरीचे ॲव्हरेज ४.६२ पडते. आता या फेरीत १० लिटर डिझेल काढून विकले गेले, तर हिशेबात १८३ लिटर दिसतील आणि ॲव्हरेज ४.३७ वर येईल. या पाव किलोमीटरच्या फरकाला खंबाटकी घाटातली कोंडी, एखादा कमी हवेचा टायर किंवा दोन टन जास्तीचा माल, यांपैकी कोणतेही कारण पुरते, आणि चालक त्यातलेच एखादे सांगतो. महिन्याला अशा आठ फेऱ्या आणि लिटरला ९० रुपये धरले, तर महिन्याचे ७,२०० आणि वर्षाचे ८६,४०० रुपये एका गाडीमागे जातात.

पूर्ण टाकी एका रात्रीत रिकामी करणारा चोर लगेच पकडला जातो. धंद्याला खरा खड्डा पाडतो तो दहा लिटरवाला, आणि त्याला ओळखायचे तर गाडी प्रामाणिकपणे किती डिझेल पिते हे मालकाला आधी ठाऊक असावे लागते. तो आकडा हाती नसेल, तर संशय घेणे आणि विश्वास ठेवणे, दोन्ही अंदाजपंचेच ठरते.

पहिली पायरी: स्वतःच्या गाडीचे खरे ॲव्हरेज काढणे

कंपनीच्या विक्रेत्याने सांगितलेले ॲव्हरेज येथे कामाचे नाही, आणि शेजारच्या मालकाच्या गाडीचेही नाही. त्याचा मार्ग, माल, चालक आणि टायर वेगळे असतात. आपल्या गाडीचे ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीने आपणच काढावे. गाडी सपाट जागेवर उभी करून टाकी काठोकाठ भरावी, ओडोमीटरचा आकडा लिहून घ्यावा, फेरी पूर्ण झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच जागी पुन्हा टाकी फुल करावी आणि या वेळी जितके लिटर बसले त्याने अंतराला भागावे. डिझेल भरताना फेस येतो, त्यामुळे नोझल आपोआप बंद झाले म्हणजे टाकी भरली असे होत नाही. फेस बसेपर्यंत काही मिनिटे थांबून मग उरलेले डिझेल भरावे आणि दोन्ही वेळा अगदी तसेच करावे. एकदा फेसावर थांबलो आणि एकदा काठापर्यंत भरले, तर एवढ्यानेच चार-पाच लिटरची खोटी तूट निघते आणि निर्दोष माणसावर आळ येतो.

भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे ॲव्हरेज वेगवेगळे काढावे. त्यासाठी वजनकाट्याची पावती प्रत्येक फेरीच्या हिशेबाला जोडावी, कारण वजन ठाऊक नसलेले ॲव्हरेज निरुपयोगी असते. मोजणीच्या काळात निदान एका फेरीला मालकाने स्वतः किंवा घरच्या माणसाने गाडीवर बसून जावे. हे लपूनछपून करण्याचे कारण नाही. आपण ॲव्हरेज काढण्यासाठी येत आहोत, असे चालकाला सरळ सांगावे. घाटात गाडी कोणत्या गिअरमध्ये चढते, गोदामाबाहेर किती वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहावे लागते, वाटेत कोणाकोणाला पैसे मोजावे लागतात, हे त्या एका फेरीत जितके कळते तितके वहीवरून कधी कळत नाही.

ओडोमीटरच्या किलोमीटरवर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या गाड्यांत मीटरची केबल काढून किंवा जोडून अंतर कमी-जास्त दाखवता येते. किलोमीटर फुगवले की चोरीनंतरही ॲव्हरेज जागच्या जागी राहते. उलट, मालकाला न सांगता मधल्या मार्गावर परस्पर भाडे मारले असेल, तर डिझेल खरोखर जळालेले असते, पण त्याचे किलोमीटर लपवलेले असतात. दोन्हींवर उपाय एकच: ओडोमीटर, जीपीएसचे अंतर आणि टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या नोंदी महिन्यातून एकदा एकमेकांशी ताडून पाहणे. फास्टॅगच्या खात्यात नाका आणि वेळ दोन्ही येतात, आणि त्यासाठी वेगळा खर्चही करावा लागत नाही.

दुसरी पायरी: चोरी नसलेली कारणे बाजूला काढणे

ॲव्हरेज पडले की आधी गाडी तपासावी, माणूस नंतर. टायरमधली कमी हवा, तुंबलेला एअर फिल्टर, चिकटणारे ब्रेक, घसरणारा क्लच आणि इंजेक्टरची खराबी यांमुळे ॲव्हरेज हळूहळू उतरते आणि दुरुस्तीनंतर वर येते. चोरीमुळे पडलेले ॲव्हरेज मिस्त्रीच्या हातून गाडी आली तरी सुधारत नाही. चालक रजेवर गेला की मात्र सुधारते. ही खूण महत्त्वाची आहे, पण एका फेरीवरून ती ग्राह्य धरू नये.

उभ्या गाडीचे डिझेल हा हिशेबातला नेहमी विसरला जाणारा भाग आहे. मोठ्या ट्रकचे इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला साधारण दोन लिटर पिते. न्हावा शेवा बंदराबाहेरच्या रांगेत किंवा भिवंडीच्या गोदामासमोर नंबर लागेपर्यंत पाच-सहा तास गेले, तर आपल्या उदाहरणातले ते १० लिटर कोणी न चोरताच संपतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ते योग्यच झाले, पण एसीसाठी चालू ठेवलेल्या इंजिनाचे तास आता मालकाने हिशेबात धरायला हवेत. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये झोपलेल्या माणसाने एसी लावला म्हणून त्याच्या पगारातून पैसे कापणाऱ्या मालकाकडे चांगला चालक टिकत नाही.

तिसरी पायरी: पंप

टाकीतून चोरलेल्या डिझेलपेक्षा टाकीत कधी गेलेच नाही असे डिझेल पकडणे सोपे असते, आणि तरीही बहुतेक मालकांची नजर टाकीच्या झाकणावरच खिळलेली असते. पद्धत ठरलेली आहे: बिल किंवा कार्डाचा व्यवहार २०० लिटरचा होतो, टाकीत १८० जातात आणि उरलेल्या २० लिटरचे पैसे चालक व पंपावरचा माणूस वाटून घेतात. काही वेळा ते डिझेल कॅनमध्ये उतरते. कोरी बिले आधीच घेऊन ठेवणे आणि भरणा एका पंपावर करून बिल दुसऱ्या पंपाचे लावणे, हेही चालते. पेट्रोल-डिझेलचे दर १६ जून २०१७ पासून रोज बदलू शकतात. त्यामुळे बिलावरची तारीख, पंप आणि दर यांचा मेळ बसतो का हे पाहिले, तरी हाताने लिहिलेली बरीच बिले उघडी पडतात. राज्याराज्यांच्या करांत फरक असतो तेव्हा कोल्हापूरकडच्या पुष्कळ गाड्या कागल ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीच्या बाजूला टाकी भरतात. अशा मार्गावर बिल नेमके कोठल्या पंपाचे लागते, याकडे विशेष लक्ष द्यावे.

शक्य तेथे रोख व्यवहार बंद करावा. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ड्राइव्हट्रॅक प्लस ही ताफ्यांसाठीची कार्डे आहेत. कार्ड गाडीच्या क्रमांकाशी जोडून त्यावर मर्यादा घालावी आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येईल अशी सोय करावी. मात्र कार्ड फक्त पैसे कोठे गेले ते सांगते, डिझेल कोठे गेले ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक भरण्याच्या वेळी तीन छायाचित्रे मागवावीत: भरण्यापूर्वी पंपाच्या मीटरवरचा शून्य आकडा, भरल्यानंतरचे लिटर आणि गाडीचा ओडोमीटर. त्यानंतर साधी बेरीज करून पाहावी. टाकी ३५० लिटरची आहे, भरण्यापूर्वी तीत ९५ लिटर शिल्लक होते आणि बिल २८० लिटरचे आले, तर बेरीज ३७५ होते. म्हणजे २५ लिटर टाकीबाहेर गेले, हे पंपावर न जाता घरबसल्या कळते.

पंपाचे मापच कमी असल्याचा संशय आला, तर प्रत्येक पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत नियमात बसते, त्याहून जास्त आढळल्यास वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. चालकाला दोष देण्यापूर्वी एवढे करून घ्यावे.

चौथी पायरी: टाकी

टाकीच्या तोंडातून नळी, खालचा ड्रेन नट आणि इंजिनातून टाकीकडे परत येणारी रिटर्न लाइन, या तीन वाटांनी डिझेल बाहेर पडते. तोंडाला आत जाळी आणि वर कुलूपबंद झाकण बसवावे, ड्रेन नटाला क्रमांकाचे सील लावावे आणि रिटर्न लाइनच्या सांध्यांवर रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे पाना लागल्यास रंग तुटलेला दिसतो. सीलचा क्रमांक वहीत नोंदवला नाही, तर सील लावण्याला अर्थ उरत नाही. तुटलेले सील काढून त्याच रंगाचे दुसरे लावणे फार अवघड नसते.

काढलेल्या डिझेलच्या जागी रॉकेल किंवा पाणी टाकून पातळी राखण्याचा प्रकार कमी झाला असला तरी संपलेला नाही, आणि त्यात मालकाचे नुकसान दुप्पट होते. आजच्या कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचे इंजेक्टर आणि पंप भेसळीने खराब झाले, की दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या चोरीलाही मागे टाकू शकतो. डिझेल फिल्टरच्या वॉटर सेपरेटरमध्ये वारंवार पाणी सापडू लागले, तर हे डिझेल कोठे भरले आणि गाडी रात्री कोठे उभी होती, याची चौकशी करावी.

पाचवी पायरी: सेन्सर, आणि त्याचा आलेख वाचणे

वरचे सगळे जमल्यानंतरच सेन्सरवर खर्च करावा. नव्या गाड्यांत कंपनीची स्वतःची व्यवस्था असते, जसे टाटाचे फ्लीट एज, अशोक लेलँडचे आय-अलर्ट किंवा भारतबेंझचे ट्रककनेक्ट. त्यातली डिझेलची माहिती आधी वापरून पाहावी. बाहेरून सेन्सर बसवायचा असल्यास टाकीत उभी बसणारी कपॅसिटिव्ह (विजेच्या संकेताने पातळी मोजणारी) दांडी घ्यावी आणि ती बसवताना टाकी पूर्ण रिकामी करून दहा-दहा किंवा वीस-वीस लिटर भरत मापन करून घेण्याचा आग्रह धरावा. हे काम अर्धा दिवस खाते, म्हणून बसवणारे टाळाटाळ करतात. पण मापन न केलेला सेन्सर हा भांडणाचे निमित्त तेवढे ठरतो.

आलेखात खरी चोरी कशी दिसते? रात्री एक चाळीसला ढाब्यावर इंजिन बंद झाले, तेव्हा टाकीत २१२ लिटर होते. दोन वाजून पाच मिनिटांनी पातळी उतरू लागली, नऊ मिनिटांत १८७ वर आली आणि सकाळी गाडी सपाट रस्त्यावर धावू लागल्यावरही तेथेच राहिली. हे २५ लिटर गेले. याउलट गाडी उतारावर तिरकी उभी असेल, तर पातळी तशीच झपकन खाली येते, पण गाडी सरळ होताच पूर्ववत होते. तापमानाचाही परिणाम असतो: ३०० लिटर डिझेल १५ अंशांनी थंड झाले तर ते साडेतीन लिटरच्या आसपास आकसते, त्यामुळे रात्रीतून तीन-चार लिटर घटल्याचा इशारा आला म्हणून पहाटे चालकाला फोन करून शिव्या घालू नयेत. रिटर्न लाइनवरची चोरी मात्र या आलेखात पायरीसारखी दिसत नाही, कारण ती इंजिन चालू असताना संथपणे होते. ती फक्त ॲव्हरेजमधून कळते, आणि पहिल्या पायरीचा आकडा येथे पुन्हा लागतो. सेन्सर किंवा जीपीएस नेमका एकाच ठिकाणी, एकाच चालकाकडे वारंवार बंद पडत असेल, तर तो बंद पडण्याची वेळ हीच नोंद समजावी.

युरिया आणि यार्ड

बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे डीईएफ हे द्रव, ज्याला रस्त्यावर सगळे युरियाच म्हणतात, डिझेलच्या साधारण चार ते सहा टक्के खपते. त्याच्या बादल्याही चोरीला जातात. पण त्याचा एक उपयोग फार थोडे मालक करतात. हे द्रव जळलेल्या डिझेलच्या प्रमाणात खर्च होते. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या हिशेबात डिझेलची खरेदी वाढत गेली आणि युरिया मात्र होता तेवढाच राहिला, तर विकत घेतलेले सारे डिझेल इंजिनात गेलेले नाही, असा ढोबळ पडताळा मिळतो.

यार्डात बॅरल ठेवून गाड्या भरणाऱ्यांनी त्यावर मीटरचा पंप बसवावा, किल्ली एकाच माणसाकडे ठेवावी आणि पार्ट धुण्यासाठी मिस्त्रीला लागणारे डिझेलही वहीत मांडावे. बिननोंदीचा एक कॅन असला की त्याच्या आडोशाने बाकीचे कॅन निघतात.

सहावी पायरी: पगार, भत्ता आणि ठरीव डिझेल

कुलपे आणि सेन्सर यांपेक्षा या पायरीचा परिणाम मोठा असतो, हे माझे मत पुष्कळ मालकांना पटत नाही. चालकाला मार्गात वाराई (माल चढवता-उतरवताना द्यावी लागणारी रक्कम), हमाली, पार्किंग, पंक्चर आणि काही ठिकाणी ज्याची पावती मिळत नाही असे पैसेही द्यावे लागतात. मालकाने ट्रिपच्या खर्चीत, म्हणजे फेरीसाठी चालकाला दिलेल्या रोख रकमेत, यांतले काही धरलेच नाही, तर ती रक्कम टाकीतूनच उभी राहते. एकदा गरजेपोटी डिझेल विकण्याची वाट सापडली, की पुढे गरज नसतानाही ती वापरली जाते. म्हणून त्या एका फेरीत स्वतः पाहिलेले सर्व खर्च खर्चीत धरावेत, भत्ता वेळेवर द्यावा आणि मग पै-पैचा हिशेब मागावा. आधीचे न करता नंतरचे मागणाऱ्याला खोटाच हिशेब मिळतो.

अनेक ठिकाणी फेरीला ठरीव डिझेल देऊन वाचेल ते चालकाचे, अशी पद्धत आहे. ती मालकाला सोपी वाटते, पण आकडा फार घट्ट ठरवला तर चालक उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडू लागतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांच्या संदर्भात हे कारण वारंवार पुढे आले आहे. गंमत अशी, की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर इंजेक्टर डिझेल जवळपास बंदच करतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळत राहते. ही गोष्ट चालकाला समजावून सांगावी आणि ठरीव डिझेलाऐवजी बक्षिसाची पद्धत ठेवावी: पहिल्या पायरीत काढलेल्या ॲव्हरेजपेक्षा जे वाचेल त्याच्या किमतीचा अर्धा भाग महिन्याच्या शेवटी पगाराबरोबर द्यावा, आणि न्यूट्रलचा किंवा अतिवेगाचा प्रकार आढळल्यास तो महिना बाद धरावा.

चोरी सापडल्यावर

आधी पुरावा जमवावा, मग बोलावे. सीलची छायाचित्रे, मूळ बिले, कार्डाचा उतारा आणि सेन्सरचा आलेख एकत्र ठेवावा. जीपीएस किंवा सेन्सरची नोंद न्यायालयात वापरायची झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपनीकडे ते वेळीच मागावे. त्यानंतर चालकाला समोर बसवून, शक्य तर दुसऱ्या एखाद्या माणसाच्या उपस्थितीत, तफावत दाखवावी आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. मारहाण करणे, कोंडून ठेवणे, लायसन्स किंवा आधार कार्ड अडकवून ठेवणे यांतून मालकच आरोपी होतो. नुकसान पगारातून परस्पर कापून घेणेही योग्य नाही. कामगाराला कारण कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

तक्रार द्यायची ठरल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालमत्तेची चोरी करण्यासाठी कलम ३०६ आणि नोकराने केलेल्या विश्वासघातासाठी कलम ३१६ चे पोटकलम ४ आहे. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरीचे डिझेल जाणूनबुजून घेणारा ढाबेवाला किंवा दलाल कलम ३१७ खाली येतो, आणि तक्रारीत त्याची जागा व वेळ लिहिली तर पोलिसांना हाती काही लागण्याची शक्यता वाढते. कोणते कलम लागते ते ठरवणे पोलिसांचे आणि वकिलाचे काम आहे. मालकाने घटना, तारीख आणि लिटर नेमके लिहावेत.

चालक बदलताना, मग तो चोरीमुळे गेला असो वा स्वतःहून, जुना आणि नवा दोघेही हजर असताना टाकी फुल करून ओडोमीटर लिहावा, कार्डाचा पिन बदलावा, टाकीच्या कुलपाच्या सर्व किल्ल्या परत घ्याव्यात, ड्रेन नटाला नव्या क्रमांकाचे सील लावावे आणि त्या नोंदीखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.